आभाळातलं वळण

विमान वेळेवर आलं, तर येसाजीचं हैबतीच्या उंबऱ्यावर जाणं वाचणार होतं. फायदा एवढाच, पण येसाजीला तो पाटीलकीएवढा वाटत होता. मुहूर्त मोजायची तांब्याची वाटी भावकीत एकच, आणि ती थोरल्या घरात, म्हणजे चुलतभाऊ हैबतीकडे. तळाला भोक पाडलेली ती वाटी पाण्यावर सोडायची. बुडली की घटका झाली. ती मागायला जायचं, तर बांधावरच्या आंब्याचा वाद आधी मिटवावा लागणार. आणि आंबा तर लगडलेला.

सुटकेची वाट नवऱ्या मुलानेच दाखवली. शिवथरचा दत्ताराम मुंबईत जुहूच्या तळावर विमानांत पेट्रोल भरायला होता. विमान रोज सकाळी तिथून कोल्हापूरला निघतं आणि दोन घटकांत इथे पोलादपुरावरून जातं, असं त्याने सांगितलं. येसाजीच्या लेकीच्या, मैनाच्या लग्नाचा मुहूर्तही नेमका त्याच वेळेचा.

"मधी महाडला थांबत आसंल," येसाजीची बायको रंगूबाई म्हणाली.

"थांबाया ती काय सर्विस मोटार हाय, मामी?" दत्ताराम म्हणाला.

"आन् घाट?"

"आभाळात कसला घाट गो," येसाजी म्हणाला. "वळणं मानसाच्या वाटंला. आभाळाला वळण नाय."

आठवडाभर तो रोज सकाळी अंगणात कान वर करून उभा राहिला. विमान एकदाही चुकलं नाही. पंचांगात विमानाला जागा नाही, असं भटजींनी बजावून पाहिलं. पण दक्षिणा तीच म्हटल्यावर त्यांनीही मान वर केली.

लग्नाच्या दिवशी अंतरपाट धरला गेला आणि मांडवातल्या साऱ्या माना आभाळाकडे वळल्या. आवाज येईना. भटजींनी होती नव्हती तेवढी मंगलाष्टकं म्हटली, मग पुन्हा गणपतीपासून सुरुवात केली. दुसऱ्या फेरीत त्यांचा घसा बसला. धरणाऱ्यांचे हात भरून आले, अंतरपाट गळ्याखाली उतरला, आणि नवरानवरी एकमेकांना दिसत असूनही न दिसल्यासारखी उभी राहिली. दत्ताराम मुंडावळ्यांआडून आभाळ शोधत होता. त्याच्या बापाने गाडीला बैल जुंपायला सांगितले. पुढची तिथी तुळशीच्या लग्नानंतरची, आणि तोवर शिवथरकर थांबणार नव्हते.

"जावा आता," रंगूबाई पदराने डोळे पुसत म्हणाली. "इमानाशी सोयरीक पुरं झाली."

येसाजी अनवाणीच निघाला. हैबती पडवीत बसला होता. नवं धोतर, डोक्याला फेटा. समोर घंगाळ आणि त्यात तरंगती वाटी. सूर्योदयापासून तो तसाच बसून होता.

"आलं का रं इमान?" त्याने वर न बघता विचारलं.

"दादा, पोरीचं बघ."

"पोरीचंच बघतोय सकाळधरनं. आंबा कुनाचा?"

येसाजीने शेवटचं एकदा आभाळाकडे पाहिलं. तिथे एक घार होती.

"तुझा."

हैबती वाटीवर वाकला. "मंग चल. मुहूर्ताला आजून आर्धी वाटी हाय."

ऊन तोवर डोक्यावर आलं होतं. भटजींनी एकदा सूर्य पाहिला, एकदा हैबतीचा चेहरा पाहिला, आणि थोरल्या घरची घटका कधी चुकत नाही असं सांगून बसक्या आवाजात तिसऱ्यांदा सुरुवात केली. अक्षता पडल्या. हैबतीला पहिल्या पंगतीतला पहिला पाट मिळाला.

पुढे दत्तारामने जुहूला चौकशी केली. त्या दिवशी एका शेठजीला पुण्यात काम निघालं, म्हणून विमान पुण्यावरून वळवलं होतं. कोल्हापूरला थोडं उशिरा पोचलं, इतकंच. कुणाचं काही बिघडलं नाही. शेठजीने आपलं भाडं तिथल्या तिथे चुकतं केलं.

वळणाचं भाडं येसाजी दर वैशाखात भरत राहिला. बांधावरच्या आंब्याचं, पाडाला आलेलं, हैबतीच्या पाटीत.