फोटोवरचा टॉवेल

टीव्हीवर चुंबन सुरू झालं की माझी शेजारीण वत्सला उठते आणि समोरच्या भिंतीवरच्या नवऱ्याच्या फोटोवर टॉवेल टाकते. टीव्ही बंद करत नाही, स्वतःचे डोळेही मिटत नाही. "त्यायले नाही सोसत असलं," म्हणते आणि खुर्ची जरा पुढे ओढून बसते.

नवऱ्याला जाऊन सहा वर्षं झाली. टॉवेल त्यांच्याच हातमागावरचा.

हल्ली दुपारी दोन वाजता मी फुटाणे घेऊन तिच्याकडे जाते. मालिका विनोदी, नेटवरची, आणि रिमोट माझ्या हातात. एका फ्लॅटमध्ये दोन मुलं, दोन मुली. सोमवारी कोण कोणावर मरत होतं, ते मंगळवारी त्यांचं त्यांनाही आठवत नाही. दर दहा मिनिटांनी कोणीतरी कोणाच्या तरी पलंगावर सापडतं.

वत्सलाचं लक्ष चादरीवर. "पाह्य वं, पावरलूमची. एका धुण्यात गोळे येतीन हिले."

"वत्सले, त्या चादरीखाली दोन माणसं आहेत."

"असू दे. कोर कशी वाकडी मारली ते पाह्य!"

दुसरी तक्रार त्या मागून येणाऱ्या हसण्याची. "एवढी माणसं पलंगामागं बसून हसून राहिली, अन् या पोट्ट्याईले लाज नाही?" ते हसणं नंतर चिकटवतात, असं मी सांगितलं. तिला पटलं नाही. तेव्हापासून पलंग आला की ती त्याच्या मागे कोणी दिसतं का, ते बघते.

तिसरी तक्रार मात्र मला विचारात पाडायची. "यायच्यात कोणालेच ताप काहून येत नाही? पोट्टी आजारी पडली तर हा पोट्टा पेज करून देईन काय? ते दाखवा ना!"

मी तिला हसते खरी, पण माझी अक्कल काय होती म्हणता? लग्नाच्या रात्री मामीनं एवढंच सांगितलं होतं, "तो म्हणेल तसं कर." हे खोलीत आले, बराच वेळ खाकरले आणि म्हणाले, "लाइट बंद करा." मी लाइट बंद केला आणि झोपले. गाढ. सकाळी यांचं तोंड एवढंसं झालेलं, आणि मी मात्र पहिल्याच दिवशी आज्ञेत वागले म्हणून घरभर ताठ मानेनं फिरत होते. हे मी वत्सलाला सांगितलं तेव्हा ती फुटाणा अडकेपर्यंत हसली. तिचं काय झालं होतं, ते तिनं सांगितलं नाही.

ती ही मालिका एवढी मन लावून का बघते, ते मला गेल्या आठवड्यात कळलं. तिची नात ऋतुजा पुण्याला नोकरी करते. वर्षभरापासून ती अनिकेत नावाच्या मुलाबरोबर एकाच फ्लॅटमध्ये राहते, लग्नाशिवाय. दोघं सुट्टीत नागपूरला येणार. ऋतुजाच्या बापानं, म्हणजे वत्सलाच्या मुलानं, धरमपेठेतून निरोप दिला की त्या मुलाला घेऊन माझ्या दारात यायचं नाही. मग ऋतुजानं आजीला विचारलं, "तुझ्याकडे उतरू का?" वत्सलानं शनिवारपर्यंत मुदत मागितली आणि अभ्यासाला बसली.

"हो म्हटलं तर पोरगा रुसते. नाही म्हटलं तर पोट्टी तुटते. मले तर एवढंच पाह्यचं हाय की हे लोक घरात राह्यते कसे."

शनिवार उजाडला. दुपारी मालिकेतला तो गबाळा मुलगा त्या चष्मेवालीच्या जवळ सरकला. वत्सला सवयीनं उठली. टॉवेल फोटोपर्यंत पोचला होता, इतक्यात तो मुलगा थांबला आणि म्हणाला, "चालेल ना तुला?"

वत्सला तशीच उभी. "मागं घे."

मी रिमोटनं मागे घेतलं. चालेल ना तुला? "अजून घे." पुन्हा तेच. पुढचं चुंबन तिनं एकदाही धड पाहिलं नाही.

"हा विचारते वं," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "आपल्याले कोणं विचारलं होतं?"

माझ्याकडे विनोद तयार होता. मी तो फुटाण्याबरोबर गिळला.

तिनं ऋतुजाला फोन लावला. कमी ऐकू येतं म्हणून तिचा स्पीकर कायम चालू.

"ऋतू, तो पोट्टा तुले विचारते काय?"

"काय विचारतो, आजी?"

"काहीबी. करायच्या आधी विचारते काय?"

तिकडून आधी हसू आलं. मग हसू थांबलं. "विचारतो गं. तुझ्याकडे यायचं तर आधी आजीला चालेल का ते विचार, असं त्यानंच सांगितलं मला."

"मंग या," वत्सला म्हणाली. "तुया बापाले मी पाह्यतो. अन् चादर आणू नका. घरात हाय, तुया आबानं विणलेली. मोठी."

फोन ठेवला. टॉवेल अजून हातातच होता. तो तिनं फोटोवर टाकला नाही. त्याच टॉवेलनं तिनं फोटोची काच पुसली, कोपऱ्यांपर्यंत, नीट.

"पोट्टे येऊन राहिले," तिनं फोटोला सांगितलं. "चालन ना तुमाले?"

आणि ती उत्तराची वाट बघत उभी राहिली. टीव्हीतली ती पलंगामागची माणसं पुन्हा हसायला लागली होती. मी आवाज बंद केला.