नाका नसलेला डोंगर

आमच्या गणपतमामांना बसून जेवताना कुणी पाहिलेलं नाही. ताट हातात, पहिला घास ओसरीवर, दुसरा गोठ्यात, भात शेजाऱ्यांच्या अंगणात. मामी म्हणायची, "याइले वाढनं म्हंजे वरातीमागं पळनं हाय."

राज्यांची फेरमांडणी होणार ही बातमी आदिलाबादहून आली आणि मामांच्या पायाला भिंगरीच लागली. आमचं गाव आंध्रात आणि कालपर्यंत आपल्याच जिल्ह्यातलं किनवट आता मुंबई राज्यात जाणार होतं, आणि मामांची एकुलती लेक शांता तिकडंच दिलेली. निजामाच्या काळात जकातीच्या करोडगिरी नाक्यावर मामांना लुगड्यांच्या एका गठुड्यासाठी दिवसभर उभं केलं होतं. ते काही डोक्यातून जाईना.

"दोन राज्यं झाली का मधात नाका आलाच," मामा म्हणत.

"मामा, आता देश एक झाला."

"तुमी शिकलेले लोकं. नाक्यावरच्या कारकुनाले सांगजा."

मी नुकताच शाळेत मास्तर लागलो होतो. पोट त्याआधीच सुटलं होतं. एका सकाळी मामा दारात उभे. "चाला मास्तर, डोंगर चढू. पल्याड शांताचं गाव हाय."

"पण त्याला वाट कुठंय?"

"वाट नाई म्हनूनच त चाललो. वाट नाई तिथं नाका काऊन ठेवतीन?"

त्या डोंगरावर गुराखीसुद्धा अर्ध्यातून परतत. करवंदीच्या जाळ्या, पायाखाली निसटणारे धोंडे. मी लवकरच चार पायांवर आलो. मामा पुढं जात, दिसेनासे होत, पुन्हा खाली येऊन विचारत, "आजून इथंच?" मी एकदा चढेस्तोवर ते दोनदा चढले असतील.

माथ्यावरून शांताच्या गावची कौलं दिसली. मी अंग टाकून दिलं. मामा मात्र गावाकडं पाहतच नव्हते. पलीकडच्या उताराकडं पाहत होते.

"शांता पोटुशी हाय," मामा हळूच म्हणाले. "पयलं बाळंतपन. माहेरी आनाच लागन. या धोंड्यायतून कशी येईन?"

ओठावर आलेली थट्टा मी गिळली. "मामा, नाका नाही बसणार."

"अन् बसला त?"

मामांनी धोतर खोचलं, चार पावलं उतरले आणि पहिला धोंडा बाजूला लोटला. मग दुसरा. तिसरा जड होता, हलेना.

मी उठलो.