पर आहे, सोड

पहाटे साडेपाचला लॉर्न टिबेटने दाराजवळच्या खुंटीवर टांगलेल्या कोटाला "येतो गं" म्हटलं. कोटाने उत्तर दिलं नाही. एक्केचाळीस वर्षांच्या संसारानंतर लॉर्नला त्यात काही वावगं वाटलं नाही.

"कुणाशी बोलतोयस?" आतून, स्वयंपाकघरातून, त्याच्या बायकोचा आवाज आला.

"कुणाशी नाही गं, ग्लेनिस. गळ मोजत होतो," लॉर्न म्हणाला आणि उंबऱ्याला अडखळून बाहेर पडला.

त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. गेल्या ऑक्टोबरपासून सगळं जग त्याला वाफ धरलेल्या काचेतून बघावं तसं दिसत होतं. डॉक्टरने ऑपरेशनच्या सरकारी यादीत नाव घातलं होतं, नंबर सोळा महिन्यांनी लागणार होता, आणि डॉक्टरची चिठ्ठी लॉर्नने गळांच्या डब्यात तळाशी दडवली होती. कारण तीन वर्षांपूर्वी शेजारच्या म्हाताऱ्याने भर दुपारी आपली बोट नेऊन खडकावर घातली, त्या संध्याकाळी ग्लेनिसने नवऱ्याला समोर बसवून सांगितलं होतं, "तुला नीट दिसेनासं झालं की बोट विकायची. कबूल?" लॉर्न कबूल म्हणाला होता. तेव्हा त्याला नीट दिसत होतं, कबूल व्हायला काय जात होतं?

बोट सोळा फुटी, अॅल्युमिनियमची. बाजूवर बायकोचंच नाव रंगवलेलं. कागद गिरणी बंद पडल्यापासून लॉर्नला पोर्ट एल्डन गावात कुणी काही विचारत नव्हतं, घरात तर नव्हतंच. बोटीत मात्र कुठे वळायचं, कुठे थांबायचं, हे तोच ठरवायचा. ती गेली असती तर त्याला खिडकीत बसून टपालवाल्याची वाट बघावी लागली असती, आणि ते मरणाहून वाईट, असं त्याचं प्रामाणिक मत होतं.

आज गावची सॅमन स्पर्धा होती. गैरहजर राहिलं तर लोकांनी कारण विचारलं असतं. एकट्याने जावं तर खडक आणि लाट यांत फरक कळत नव्हता. म्हणून त्याने आयुष्यात पहिल्यांदा मेहुण्याला बोटीवर बोलावलं.

डेल फॅरो हा ग्लेनिसचा धाकटा भाऊ. क्लबच्या भिंतीवर एक लाकडी फळा होता आणि त्याच्या माथ्यावर सोनेरी अक्षरांत लिहिलं होतं: आजवरचा सर्वांत मोठा मासा, डेल फॅरो, एक्केचाळीस पौंड. गेली बावीस वर्षं डेल कुठल्याही विषयावरून तिथेच येऊन पोचायचा. कुणी मेलं तरी, "मी तो एक्केचाळीस पौंडाचा मारला ना, तेव्हा हा माझ्या शेजारच्याच बोटीत होता," असं म्हणून तो दुःख व्यक्त करायचा. आज तो छातीवर कॅमेरा बांधून आला होता. आपण गळ टाकताना कसे दिसतो हे लोकांना बघायचं असतं, अशी त्याची समजूत होती.

"काय रे, आज माझी आठवण बरी झाली?" बोटीत उतरता उतरता डेल म्हणाला.

"तुझी बहीण म्हणाली, त्याला घेऊन जा. घरात कंटाळतो."

"ती असं म्हणणार नाही. तिला मी कंटाळलेलाच आवडतो."

खाडीबाहेर पडल्यावर लॉर्नने आपली युक्ती सुरू केली. "ओळख बघू, पलीकडून कोण येतंय? बघू तुझी नजर अजून शाबूत आहे का," तो म्हणायचा आणि डेल फुशारकीने सगळं वाचून दाखवायचा. दोन मैलांवर ओंडक्यांचा तराफा ओढत चाललेल्या टगचं नावसुद्धा त्याने वाचलं. "सीफर्थ पायोनियर. मागे एक जण बसून सिगारेट ओढतोय. लाल टोपी."

"बरोबर," लॉर्न म्हणाला. त्याला टगच दिसत नव्हता.

एकदा एका सीलला वाट द्यायची म्हणून त्याने बोट वळवली. तो सील नसून शेवाळाचा पुंजका होता. डेलने त्याच्याकडे तिरक्या नजरेने पाहिलं. लॉर्नला ती तिरकी नजर दिसली नाही, हेही ओघानेच आलं.

साडेनऊला लॉर्नची काठी वाकली ती सरळ व्हायचं नाव घेईना. रीळ कर्कश ओरडायला लागलं. मासा तीनदा तळाला गेला, दोनदा बोटीखालून पलीकडे निघाला, आणि लॉर्नने आंधळ्यासारखंच, नुसत्या हातांच्या भरवशावर त्याला खेळवलं. यात मात्र डोळे लागत नाहीत. अर्ध्या तासाने मासा दमून बोटीच्या कडेला लागला.

"बापरे," डेल म्हणाला.

"केवढा आहे?"

"आहे बरा."

"बरा म्हणजे? माझे खांदे निखळलेत इथे. पर बघ, पर. माझे हात अडकलेत."

सगळं त्या परावर होतं. हॅचरीत, म्हणजे मत्स्यबीज केंद्रात, वाढवलेल्या पिल्लांचा, पाठीवर शेपटीच्या अलीकडे असतो तो बोटाच्या पेराएवढा मऊ पर कापून मगच त्यांना समुद्रात सोडतात. तो पर नसेल तर मासा तुमचा. असेल तर तो रानचा, त्याला पाण्याबाहेरही न काढता सोडून द्यायचा. या किनाऱ्यावर माणसं बायकोला फसवतील, आयकर खात्याला फसवतील, पण पराच्या बाबतीत खोटं बोलत नाहीत. निदान लॉर्नची तशी समजूत होती.

डेल वाकला. दोन्ही हात पाण्यात घालून त्याने माशाला धरलं. बराच वेळ गेला.

"आहे," तो म्हणाला. "पर आहे. सोड."

"नीट बघ रे."

"नीटच बघितला. रानचा आहे. तुला विश्वास नसेल तर ये, तूच बघ."

लॉर्न वाकला. त्याला पाण्यात चांदीचा एक लांबलचक डाग दिसला, त्याला डोकं कुठे आणि शेपूट कुठे हेही कळेना. पण डेल शेजारी होता, आणि डेल म्हणजे संध्याकाळपर्यंत ग्लेनिस.

"हो की," लॉर्न ठसक्यात म्हणाला. "दिसला, दिसला. केवढा मोठा पर आहे."

बिनकाट्याचा गळ अलगद निघाला. डाग क्षणभर तिथेच थांबला आणि मग पाणी नुसतं हिरवं झालं. नियम म्हणजे नियम.

दुपारी क्लबमध्ये मासे वजनाला लागले. पहिला आला तो एका दंतवैद्याचा, बावीस पौंडाचा. लॉर्न तीन कप कॉफी पिऊन झाल्यावर उठला आणि म्हणाला, "मी आज याच्या दुप्पट सोडला." लोकांनी समजूतदारपणे माना हलवल्या. सोडलेला मासा नेहमीच मोठा असतो.

"डेलला विचारा," लॉर्न म्हणाला.

"होता," डेल म्हणाला. "असेल वीस-एकवीस."

"वीस? अरे, माझा हात अजून वर होत नाही. तुझ्या छातीवर कॅमेरा आहे ना? दाखव की."

"बॅटरी संपली होती रे."

क्लबच्या अध्यक्षा हेझल ओकाडा तीस वर्षं शाळेत गणित शिकवून निवृत्त झाल्या होत्या. त्यांनी डेलच्या छातीवरचा कॅमेरा, पोराच्या खिशातून च्युइंगगम काढावं तसा, काढून घेतला. बॅटरी निम्मी शिल्लक होती. त्यांनी तो भिंतीवरच्या टीव्हीला जोडला.

लॉर्नने टीव्हीच्या दिशेने तोंड करून कौतुकाचा चेहरा धारण केला. त्याला नुसते हलणारे रंग दिसत होते. पण दिवाणखाना गप्प झालेला त्याला ऐकू आला, आणि ती शांतता त्याला फार गोड वाटली.

"पंचेचाळीसचा असेल," कुणीतरी हळूच म्हणालं.

"सत्तेचाळीस," दुसरं कुणी म्हणालं.

हेझलबाईंनी चित्र थांबवलं. "याला पर कुठे आहे?"

त्यांनी चित्र पुढे सोडलं, आणि टीव्हीतून डेलचा आवाज आला: "पर आहे. सोड." आणि त्यामागोमाग लॉर्नचा, चांगला खणखणीत: "दिसला, दिसला. केवढा मोठा पर आहे."

दिवाणखाना असा हसला की दंतवैद्याच्या हातातला चषक पडला. हसू ओसरल्यावर लोकांनी डेलकडे पाहिलं. फळ्याच्या माथ्यावरच्या सोनेरी अक्षरांकडे पाहिलं. पुन्हा डेलकडे पाहिलं.

डेल खाली बसला आणि त्याने डोळ्यांवर हात ठेवला. "मला दिसत नाही," तो म्हणाला. "दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. कुणाला बोललो नाही. लाज वाटते माणसाला."

लगेच कुणीतरी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. कुणीतरी सूप आणलं.

"खोटं बोलतोय हा," लॉर्न ओरडला. "सकाळी याने टगचं नाव वाचलं. दोन मैलांवरून. सीफर्थ पायोनियर."

"अंदाजाने ठोकून दिलं," डेल थकल्या आवाजात म्हणाला. "बरोबर होतं का रे? तू तर वाचलं असशील."

सगळे लॉर्नच्या उत्तराची वाट बघत थांबले. वाचलं म्हणावं, तर पर नाही हे का दिसलं नाही? नाही वाचलं म्हणावं, तर डेलने बरोबर वाचलं हे कशावरून? लॉर्नने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला. दोन्हीकडे भिंत होती. आणि हा सत्तेचाळीस पौंडाचा लबाड सूप पीत होता.

मग लॉर्नने बोटीवर पाणी सोडलं. एक खरं तरी बाहेर येऊ दे. तो वळला, ग्लेनिस निळा कोट घालून आली होती, त्या निळ्या रंगाकडे बघून म्हणाला, "ग्लेनिस, मला दिसत नाही. ऑक्टोबरपासून. तुझ्यापासून लपवलं, चुकलो. म्हणून तर मी याला वाचायला लावत होतो. पण याला दिसतं, शपथेवर सांगतो, याला सगळं दिसतं."

"मी इकडे आहे," त्याच्या पाठीमागून ग्लेनिस म्हणाली.

तो कोट ठेवायच्या स्टँडशी बोलत होता.

यानंतर काय होणार? एका बोटीत दोन आंधळे, असा निकाल लागला आणि गावाने तो वर्षभर पुरवून खाल्ला. ग्लेनिसने सप्टेंबरमध्ये बोट विकायला काढली. डेल मधल्या काळात पंधरा दिवस व्हँकूव्हरला जाऊन, खासगीत ऑपरेशन झालं म्हणत, काळा चष्मा लावून परत आला. डॉक्टरच्या हाताला काय गुण, असं सगळे म्हणाले. बोट त्यानेच घेतली. घरातली वस्तू घरात राहिली, असं ग्लेनिस म्हणाली.

लॉर्नचा नंबर फेब्रुवारीत लागला. दुसऱ्या डोळ्यावरची पट्टी निघाली त्या दिवशी त्याने घरी आल्याआल्या बायकोला विचारलं, "ते चित्र आहे का गं तुझ्या फोनवर? माशाचं?"

होतं. गावात सगळ्यांच्या फोनवर होतं. तो खिडकीत बसला आणि त्याने आपला मासा पहिल्यांदा पाहिला. हिरव्या पाण्यात चांदीसारखा, मांडीएवढा जाड, पाठीवर काळे ठिपके. केवढा सुंदर होता. लॉर्नचे नवे डोळे भरून आले. त्याने चित्र मागे नेऊन पुन्हा पाहिलं, आणि या वेळी त्याने मासा सोडून डेलचे हात पाहिले.

डेलचा अंगठा माशाच्या पाठीवरून शेपटीकडे गेला. पर असायचा तिथे थांबला. मागे आला, त्या गुळगुळीत जागेवरून पुन्हा एकदा सावकाश फिरला. मग डेल म्हणाला, "आहे."

डोळ्यांत मोतीबिंदू होतो. अंगठ्यात होत नाही.

"बघ," लॉर्न म्हणाला. "बघ हा अंगठा."

"बघितलाय," ग्लेनिस म्हणाली. ती बटाटे सोलत होती. "क्लबमध्येच बघितला होता."

लॉर्न तिच्याकडे बघत राहिला. ती नीट, रेषान् रेष दिसत होती. "मग बोलली का नाहीस?"

"भाऊ आहे तो माझा." तिने सोललेला बटाटा पाण्यात टाकला. "आणि तू दहा महिने रोज सकाळी माझ्या कोटाला येतो गं म्हणून जात होतास. तू तरी कुठे बोललास?"

बाहेर खाडीत एक बोट चालली होती. बाजूवरचं नाव त्याला इथूनही सहज वाचता आलं.