धिंडीला धिंड म्हणा

यसूआत्या कुणाचाही अपमान वाया जाऊ देत नाही. चारचौघांत कुणाची शोभा झाली, की ती जागच्या जागी तिचं नाव जाहीर करते. माझ्या लग्नात जिलबी कमी पडली म्हणून सासऱ्यांनी आचाऱ्याला मांडवातच झापलं. तेवढ्यात बायकांच्या रांगेतून खणखणीत आवाज आला, "ही नुसती खरडपट्टी हाय. बिनपाण्याची अजून लांब हाय!" आचारी हसला, सासरे ओशाळले, आणि बायको मला आजही विचारते, "त्या बाई तुमच्या नक्की कोण?"

शेजारीण. पोलादपूर सोडून आंबेनळी घाटाकडे निघालं की आमची वाडी लागते. तिथं आमच्या भिंतीला भिंत लावून आत्या एकटी राहते. सत्तरी उलटलीय. सोबतीला एक म्हैस.

अपमानाचं तिचं शास्त्र पक्कं. "पचका मानूस सोताचा सोताच करतो, म्हणून तोपन हसतो. पोपट दुसरे करतात. बिनपाण्याची झाली की सोलवटतं, पन दाढी परत येते रे." वाभाड्यांवर तिचा राग, त्यात मेलेले आईबापही ओढले जातात. मुंबईहून आलेल्या माझ्या भावानं तिला ट्रोल करणं समजावून सांगितलं. सगळं ऐकून म्हणाली, "म्हंजे तोंड लपवून काढलेले वाभाडे. भेकडांचं काम!"

एकाच शब्दावर ती थट्टा करत नसे. कुणी 'धिंड' म्हणालं, की उठून म्हशीला वैरण घालायला जायची.

यंदा मे महिन्यात मुंबईकर गावी आले आणि देवळात गावाची मीटिंग भरली. विषय होता मनीषा. ही आमच्या वाडीतली सून महाडला दवाखान्यात काम करते, नवरा मुंबईला. एका संध्याकाळी तिची एसटी चुकली म्हणून दवाखान्यातल्या एकानं तिला मोटारसायकलवरून घरी सोडलं. कुणीतरी फोटो काढून गावच्या ग्रुपवर टाकला. नवऱ्यानं फोनवरून "गाव म्हणेल तसं" म्हणून हात झटकले.

भर दुपारी, माइक लावून, अध्यक्ष म्हणाले, "सूनबाई, गावाची माफी माग आनि विषय संपव."

मनीषा खांबाला धरून उभी होती.

"थांबा," यसूआत्या उठली. "ह्याचं नाव काय?"

"आत्या, आपन तिची समजूत घालतोय."

"समजूत घरात घालतात, भोंगा लावून नाय. पचका म्हनावा तर ती हसत नाय. खरडपट्टी म्हनावी तर तिचं काय चुकलं ता सांगा. ही धिंड हाय. काढायची तर नाव घेऊन काढा. बोला माइकवर, 'आमी गावच्या सुनेची धिंड काढतोय!'"

अध्यक्षांनी माइक तोंडाजवळ नेला आणि परत खाली घेतला.

आत्या मनीषाशेजारी जाऊन उभी राहिली. "मीपन परवा पोलादपुरास्न टेम्पोत बसून आले. टेम्पोवाला माझा कोनच नाय. काढा माझापन फोटो."

बायकांमध्ये कुणीतरी फसकन हसलं. मग हसू थांबेचना. अध्यक्षांनी घाम पुसला. "विषय पुढच्या मीटिंगला घेऊ," म्हणाले.

"अजिबात नाय," आत्या म्हणाली. "विषय संपला. गावाला माफी पाह्यजे असेल, तर ज्यानं फोटो टाकला त्याच्याकडं मागा." आणि मनीषाचा हात धरून ती सगळ्यांच्या मधून चालू लागली. मीही निघालो मागोमाग.

वाटेत मनीषा रडायला लागली. "तुमी नसता तर आत्या..."

"रड गो, पन चालत रड. थांबू नको," आत्या म्हणाली. थोड्या वेळानं हळूच म्हणाली, "नवऱ्यानं मला टाकलं तवा ह्याच देवळापास्न घरापरत मला चालवत आनली व्हती. मागं अख्खा गाव हसत व्हता. शेजारी कोन नव्हता."

मनीषानं डोळे पुसले आणि तिच्या बरोबरीनं चालू लागली.

घरी आल्यावर तिनं मनीषाला पाटावर बसवलं. भात होता, कुळथाचं पिठलं होतं. बाहेर ताट एकच. दुसरं तिनं स्टुलावर चढून फळीवरून काढलं, पदरानं धूळ पुसली, विसळलं, पुन्हा पुसलं.

"तिखट चालतं ना गो तुला?" तिनं विचारलं. "मला म्हायत नाय. हिथं कोन जेवायला येत नाय."