बैठ्या गटातली सरुबाई

अख्ख्या बहादरपुरात शब्दाला पक्का माणूस एकच, तो म्हणजे चुडामण पाटील. हे चुडामण पाटलाचंच म्हणणं होतं.

म्हणून त्याची भाची स्नेहल बुऱ्हाणपूरहून स्कूटीवर आली आणि म्हणाली की मामा, माझी पीएचडी अडकून पडलीय, शेतकरी नवरा-बायकोच्या जोड्या मिळत नाहीत, तेव्हा त्यानं छाती ठोकली. जोड्या मी देतो. आणि माझ्या गावचा एकही माणूस नियम मोडणार नाही. मोडला तर चुडामण हे नाव लावणार नाही! आमच्याकडे मामा भाचीच्या पाया पडतो. तिला दिलेला शब्द फिरवायचा म्हणजे देवळातला दिवा फुंकून विझवण्यासारखं.

संशोधन सरळ होतं. प्रत्येक जोडीतल्या एकानं व्यायाम गटात जायचं, दुसऱ्यानं बैठ्या गटात. कोण कुठे, ते चिठ्ठीनं ठरायचं. व्यायाम गटानं दोन महिने रोज सकाळी झपाझप चालायचं, उठाबशा काढायच्या. बैठ्या गटानं काहीच बदलायचं नाही. आपण रोज जे करतो म्हणून सांगितलंय, तेच करत राहायचं. मग दोघांची छाती, दम, नाडी तपासायची आणि व्यायामानं काय फरक पडला ते बघायचं.

चुडामणची चिठ्ठी व्यायामाची निघाली. त्याला पांढरे बूट मिळाले, गटाचा पुढारी म्हणून गळ्यात शिट्टी मिळाली. एवढा आनंद त्याला स्वतःच्या लग्नातही झाला नव्हता.

तो बुटाची नाडी आवळत असतानाच पंचायतीच्या ओट्यावर स्नेहलनं त्याच्या बायकोला, सरुबाईला, विचारलं, "मामी, दिवसभरात तुम्ही काय काय काम करता?"

सरुबाईनं पदर सारखा केला, तोंड उघडलं. तेवढ्यात नवऱ्यानं मान वर न करता उत्तर देऊन टाकलं.

"ती काय करते? घरीच तं राह्यते. काही नाही करत."

शेजारच्या सुकलालनं आपल्या लीलाबद्दल हेच सांगितलं. बाकीच्या नवऱ्यांनीही माना हलवून तेच सांगितलं. स्नेहलनं क्षणभर मामीकडे पाहिलं, मग लिहिलं: बैठी जीवनशैली.

बैठी! नळाला पाणी यायच्या आधी उठणारी, म्हशीचं शेण काढणारी, धार काढणारी, डोक्यावर चाऱ्याचा भारा आणणारी, भाकरी थापून शेतात नेणारी, आणि तिथे पोचल्यावर केळीच्या बुडाशी फुटलेले कोंब, म्हणजे पिलं, कापत उन्हात वाकणारी बाई बैठी! आणि फटफटीवर शेतात जाऊन बांधावरच्या सावलीत बिडी ओढणारा माणूस कष्टाळू! कागदावर हे असं उतरतं, त्यावर शिक्का बसतो, आणि शिकलेली माणसं त्याला संशोधन म्हणतात.

स्नेहल पुढचंही काही समजावत होती, दोन महिन्यांनंतर काय ते. पण चुडामण तोवर शिट्टी वाजवून बघायला रस्त्यावर गेला होता.

पहिल्या सकाळी तो गट घेऊन फाट्यापर्यंत चालून आला. अंगातून घाम निथळत होता, चेहऱ्यावर लढाई जिंकून आल्याचा भाव होता. ओसरीवर बसला, पाय पसरले आणि हाक दिली, "चहा आण व. पोह्याचंही बघ. चालून आलं की मान्साले भूक लागते."

काही हललं नाही.

सरुबाई लिंबाखाली खाटेवर मांडी घालून बसली होती. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरलेले. म्हैस ओरडत होती, चूल थंड होती.

"तब्येत बरी नाही का?" त्यानं विचारलं.

"बरी हाये."

"मंग?"

"मी काही करत नाही ना," सरुबाई शांतपणे म्हणाली. "तुम्हीच सांगितलं. भाचीनं लिवून घेतलं. आता मी काही केलं, तं पोरीची पीएचडी बिघडन."

त्याला आधी हसू आलं. मग राग आला. मग म्हैस तिसऱ्यांदा ओरडली आणि त्यानं फोन काढला. स्नेहलनं सगळं ऐकून घेतलं.

"मामा, मामीचं बरोबर आहे. एकदम कामाला लागली तर ती बैठ्या गटात राहणारच नाही. मतलब, माझी जोडी गेली."

"अवं पण तू तिलेच काऊन नाही विचारलं?"

"विचारलं होतं मामा. उत्तर तुम्ही दिलं."

"मंग खोड ते. नवं लिव."

"कॉलेजच्या कमिटीकडे गेलंय आता. तुम्हीच म्हणाले होते ना, एकही माणूस नियम मोडणार नाही?"

फोन ठेवून चुडामणनं त्या पांढऱ्या बुटांकडे पाहिलं. पोरगी खकनारला दिलेली, पोरगा मयूर इंदूरला नोकरीला. घरात तिसरं माणूस नव्हतं. त्यानं बूट काढले आणि शेणाचं घमेलं उचललं.

म्हशीनं त्याला धार दिली नाही. लाथ दिली. भाकरीनं तर सरळ वैर धरलं. थापायला गेला की कडेनं फाटायची आणि तव्यावर पडली की उत्तर प्रदेशच्या नकाशासारखी पसरायची. सरुबाई खाटेवरून बघायची. हात मांड्यांखालून सुटू पाहायचे, ती पुन्हा दाबून धरायची. पहिले काही दिवस तिलाही सोपं गेलं नाही. काम करणाऱ्या हाताला रिकामं बसवणं म्हणजे बैलाला गादीवर निजवणं. पण चौथ्या-पाचव्या दिवशी ती चक्क दुपारची झोपली. लग्नानंतर पहिल्यांदा.

सुकलाल हे सगळं कुंपणावरून बघून पोट धरून हसला. बायको ताब्यात ठेवायला दम लागतो, असं चार घरांत सांगत फिरला. त्याचं हसणं लीलानं ऐकलं. दुसऱ्या सकाळी लीला खाट घेऊन सरुबाईशेजारी येऊन बसली. तिसऱ्या दिवशी लिंबाखाली खाटा मावेनात. गावातल्या बैठ्या गटातल्या झाडून सगळ्या बाया तिथे! गप्पा काय, हसणं काय, कोणी तरी शहरातून मावा जिलेबी मागवलेली. आणि गावात सकाळी धूर दिसायचा तो जळक्या भाकरींचा.

मग नवरे चुडामणच्या ओसरीवर चढले. त्यांच्या अंगाला शेणाचा वास, बोटांना चटके. प्रत्येकाचा पारा चढलेला.

"तुह्या भाचीनं गाव बसवलं," सुकलाल म्हणाला. "आम्ही नाव काढून घेऊ राहिलो. सगळेच्या सगळे."

सगळे निघाले तर स्नेहलची इतक्या वर्षांची मेहनत एका दुपारीत मातीत. खरं सांगायचं तर आपलं नाव आधी काढावं असं त्यालाच सगळ्यांपेक्षा जास्त वाटत होतं. पण शब्द! तो उठला आणि मनातल्या प्रत्येक विचाराच्या बरोब्बर उलट बोलला. लाज नाही वाटत का म्हणाला. दोन भाकरी थापल्या तर मर्दाचे हात झिजतात का म्हणाला. हे काही काम आहे का, असंही म्हणाला, आणि ते म्हणताना त्याच्या पाठीतून अशी कळ निघाली की डोळ्यांत पाणी आलं. लोकांना वाटलं, भाचीसाठी जीव तुटतोय. ते मुकाट्यानं परतले.

खाटेवरून सरुबाईनं हे सगळं ऐकलं.

दोन महिने संपले. तपासणीला सगळ्यांना शहरात, कॉलेजच्या मैदानावर नेलं. स्नेहलचे गाइड निरंजन सर आले होते. अंगात ट्रॅकसूट, ट्रॅकसूटच्या पुढे पोट. चुडामण लाकडी खोक्यावर घंटेच्या तालात चढत-उतरत राहिला. घंटा वाजवणारा थकला, हा थकेना. सरांनी नाडी दोनदा मोजली.

"कमाल आहे," सर म्हणाले. "बघा स्नेहल, रोज फक्त अर्धा तास चालण्यानं माणूस कुठल्या कुठे जातो."

इथे चुडामणचा बांध फुटला.

"चालन्यानं?" तो खोक्यावरूनच ओरडला. "साहेब, चालनं तं माहा आराम होता! चार वाजता उठतो मी. पानी भरतो. शेन काढतो, धार काढतो. चारा डोक्यावर आनतो, या डोक्यावर! भाकरी थापतो, भांडे घासतो, लुगडे धुतो, वावरात जाऊन पिलं कापतो, आल्यावर पुन्हा चूल. अन् तुम्ही म्हन्ता चालन्यानं! हे कोनं केलं? तुम्ही केलं?"

लीलानं पदर तोंडाला लावला. सरुबाई नवऱ्याकडे टक लावून बघत होती. इतक्या वर्षांत तिच्या दिवसाची एवढी नीट उजळणी कुणी केली नव्हती.

"लिहून घ्या," निरंजन सर म्हणाले. "भाऊंचा दिनक्रम सगळाच्या सगळा लिहा. पुढच्या टप्प्याला लागेल."

"कोनता टप्पा?"

"मामा, तेव्हाच सांगितलं होतं मी," स्नेहल म्हणाली. "आता गटांची अदलाबदल. मामी व्यायाम गटात, तुम्ही बैठ्या गटात."

चुडामणनं डोळे मिटून भगवंताचे आभार मानले आणि तिथल्या तिथे खोक्यावर बसकण मारली. बैठा गट! लिंबाखालची खाट त्याला डोळ्यांपुढे दिसायला लागली.

"बसताय काय मामा? नियम तोच आहे. रोज जे करता म्हणून सांगितलंय, ते तसंच चालू ठेवायचं. काही बदलायचं नाही."

त्यानं तोंड उघडलं. समोर भाची होती, मागे अख्खं गाव. त्यानं तोंड मिटलं.

"आणि मामी," स्नेहलनं विचारलं, "तुम्ही रोज काय करता?"

चुडामणनं जीभ दाताखाली धरली. उत्तर सरुबाईनं दिलं.

"मी? काही नाही."

दुसऱ्या सकाळी सरुबाई पांढऱ्या बुटांत, गळ्यात शिट्टी अडकवून लीलाबरोबर फाट्यापर्यंत चालून आली. ओसरीवर टेकली, पाय पसरले. आत चुडामण धुरात डोळे चोळत पीठ मळत होता.

"चहा ठेवा," ती म्हणाली. "पोह्याचंही बघा. चालून आलं की मान्साले भूक लागते."