चकली-बर्फीची तीनची शिफ्ट

माल चढवणं-उतरवणं हा विषय कुणी माझ्यापुढं काढायचाच नाही! आधीच सांगून ठेवतो. मसाटच्या धाग्याच्या कारखान्यात मी फिटर होतो. पेट्या खालून वर आणि वरून खाली नेणारा पट्टा माझ्याच हातानं चालायचा. अख्खा ट्रक रिकामा व्हायचा, पण एका पेटीला ओरखडा नाही! अशा माणसाला दोन ससे पिंजऱ्यात चढवता येऊ नयेत? हॅ!

ससे आमच्या लेकीचे, गुड्डीचे. तपकिरी ती चकली, पांढरी ती बर्फी. पिंजरा मी स्वतः बनवलेला, चांगला छातीएवढ्या उंच पायांवर. कारण नव्वद सालानंतरचं आमचं सिल्वासा म्हणजे एका अंगाला कारखाने आणि दुसऱ्या अंगाला झाडी. साप, मुंगूस, बोका, सगळे आपले शेजारीच! रोज दुपारी ससे खाली सोडायचे, गवत खाऊ द्यायचं आणि पुन्हा वर ठेवायचे. काम एवढंच. पण ‘पुन्हा वर’ म्हटलं की घरात लढाई जुंपायची! चकलीमागे मी, बर्फीमागे माझी बायको सरू, आणि आम्हा दोघांमागे गुड्डी, “त्यांना घाबरवू नका ना!” म्हणून किंचाळत. ससेहोलपट म्हणे सशांची होते. साफ खोटं! आमची व्हायची.

त्यात चाळीच्या दारापुढेच घरमालकीण मंजुळाबाईंचा वांग्यांचा वाफा. बाई त्या वांग्यांवर पोटच्या पोरासारखा जीव टाकायच्या. आणि आमच्या चकलीचाही त्या वांग्यांवर जीव!

एक दिवस बाई चाळणी झालेलं पान नाचवत दारात उभ्या राहिल्या. “भगवंतभाऊ, आता पुरे! हे ससे नरोलीला माझ्या भावाकडं धाडते. झिपरूकडं.”

“त्यांना आवडतात का ससे?” गुड्डीनं आशेनं विचारलं.

“लई आवडतात. रस्सा करतो.”

गुड्डीनं जे भोकाड पसरलं म्हणता! पोरीला जवळ घेऊन मी छाती ठोकून सांगितलं, “बाई, मी फिटर आहे फिटर! हे ससे आपल्या पायांनी, सांगितल्या वेळेला पिंजऱ्यात चढतील. हात लावणार नाही मी!”

“माझ्या डोळ्यांनी बघीन,” बाई म्हणाल्या. “मग राहतील. नाहीतर झिपरू.”

लागलो कामाला! कारखान्याच्या भंगारातला पट्ट्याचा तुकडा मागून आणला, फळीवर ठोकला, पाय घसरू नये म्हणून आडव्या पट्ट्या मारल्या. पिंजऱ्याच्या दारापासून जमिनीपर्यंत अशी झकास उतरण केली की काय सांगू! कडेला पिवळा रंगसुद्धा दिला. ससे ऐटीत खाली उतरले. मी टाळ्या वाजवल्या. पण वर चढायला तयार नाहीत! ढकललं तर घरंगळत खाली.

“कसं चढायचं ते तुम्हीच दाखवा की आधी,” सरू म्हणाली.

टोमणा होता तो. मला आता कळतं. तेव्हा मी खरंच चार पायांवर चढलो, डोकं पिंजऱ्यात घातलं आणि खांद्यापाशी अडकलो! सरूनं मागून ओढून काढलं. ससे खाली गवत खात मजा बघत होते.

पण अडकल्या डोक्यातच कल्पना चमकली! आमच्या कारखान्यात माणसं कशावर हलतात? भोंग्यावर! भोंगा झाल्याशिवाय कुणी आत जात नाही की बाहेर येत नाही. मग सशांनी तरी का हलावं? माझी तेव्हा कायम रात्रपाळी असायची, दुपारी मी घरीच. तीनचा भोंगा वाजला रे वाजला की मी पिंजऱ्यात कोबीचं कोवळं पान ठेवायचो. आधी नाही, नंतर नाही!

आणि जमलं हो! एके दिवशी भोंगा वाजला आणि चकलीनं कान उभे केले. टुणटुण उड्या मारत चढली वर! मागोमाग बर्फी! गुड्डी माझ्या गळ्यात पडली. चार दिवसांत चाळ बघायला जमू लागली. आमच्या शेजारचा सुकदेव, धुळ्याकडचा, तो तर म्हणाला, “भो, हे ससे आपल्यापेक्षा टायमाचे पक्के!”

मी सरळ मंजुळाबाईंना आमंत्रण दिलं. “कधीही या!”

“या आठवड्यात आमलीच्या बाजारात भाजी घेऊन बसते मी. शनिवारी मोकळी आहे.”

“या की शनिवारी!”

झालं. शनिवारी पिंजऱ्यापुढं खुर्ची मांडली. बाई बसल्या. बायकापोरांनी वाट अडवून गर्दी केली. मी मोठ्या दिमाखात ससे खाली सोडले. ते गेले सरळ वांग्यांत.

“वाजू दे तीन!” मी म्हणालो.

तीन वाजले. तीन वाजून गेले. भोंगा नाही! चकलीनं एक कोवळं वांगं संपवून दुसरं धरलं. बाईंचा चेहरा तापत चाललेला.

सरू कानाशी येऊन कुजबुजली, “अहो, शनिवारी कंपनीला सुट्टी असते.”

अरे देवा! माझी सुट्टी, मीच विसरलो! मी तोंडानंच भोंगा काढून बघितला. भुंऽऽऽ! पलीकडच्या कुत्र्यानं सूर धरला, ससे ढिम्म. गुड्डीनं माझा शर्ट धरला. “पप्पा, रस्सा…” एवढंच म्हणाली हो पोर. 

तेवढ्यात आठवलं, जयवंत! चाळीच्या टोकाच्या खोलीत राहणारा आमच्या कारखान्याचा वॉचमन. कारखान्यात लाइट गेली की वाजवायचा तो हातानं फिरवायचा भोंगा त्यानं तेलपाणी करायला घरी आणला होता. मी धावत गेलो, घेऊन आलो, ओट्यावर ठेवला आणि अंगातली सगळी ताकद लावून दांडा फिरवला.

काय आवाज आला! कौलं हादरली!

वांग्यांतून चार कान वर झाले. चकली निघाली! बर्फी निघाली! टुण टुण टुण, उतरणीवरून थेट पिंजऱ्यात! गुड्डी नाचायला लागली. मंजुळाबाई चक्क हसल्या! मी आनंदानं आणखी जोरात दांडा फिरवला.

इथंच चुकलं.

सुट्टीच्या दुपारी चाळीतले झाडून सगळे पुरुष ढाराढूर झोपले होते. त्या झोपेत भोंगा! खाडखाड दारं उघडली. कुणी एका पायात बूट घालून, कुणी बनियनवर शर्ट ओढत, कुणी रिकामा डबा घेऊन सुटले चाळीच्या फाटकाकडं! सुकदेव टॉवेलवरच! “काय व्हयनं रे भो? उशीर झाला का?” सांगायला थांबतो कोण! वाटेत बघ्यांची गर्दी, खुर्ची, खुर्चीत बाई. मग काय, अख्खी पाळी वांग्यांतून गेली! सायकलींसकट!

फाटकाशी गेल्यावर कुणीतरी ओरडलं, “अरे, आज शनिवार!” सगळे एकमेकांची तोंडं बघत उभे राहिले. वाफ्याची पार चटणी झाली होती. वर पिंजऱ्यात दोघी कोबीच्या पानाची वाट बघत शांत बसलेल्या.

बाई सावकाश उठल्या. “या सगळ्यांच्या पुढं कोण पळत होतं?”

सगळ्यांनी एकमेकांकडं बोट दाखवलं. गुड्डी मात्र खरं बोलणारी पोर. “पप्पा!”

मी खाली बघितलं. माझ्या हातात माझी सायकल होती. हँडलला वांग्याचं रोप लटकत होतं. भोंगा मीच वाजवला होता, पण पायांना कोण सांगणार!

“ससे राहतील,” बाई म्हणाल्या. “गुणाचे आहेत. भोंगा झाला की आपल्या घरात जातात, तुमच्यासारखे दुसऱ्याच्या वाफ्यात शिरत नाहीत. वांगी मात्र भाऊ, तुम्ही लावायची, तुम्हीच पाणी घालायचं.”

तेव्हापासून रोज तीनला भोंगा झाला की चकली-बर्फी टुणटुण वर जायच्या आणि मी झारी घेऊन वाफ्यात उतरायचो. जरा उशीर झाला की समोरून मंजुळाबाई हाक मारायच्या, “गुड्डी, तुझ्या पप्पाला कोबीचं पान दाखव गं!”