मोघे काकांची सुटकेस

लोक रद्दीच्या दुकानात रद्दी विकायला जातात. आमचे मोघे काका तिथे स्वतःची सुटकेस तोलायला जायचे. सकाळी एकदा, आणि बॅगेत काही घातलं-काढलं की संध्याकाळी पुन्हा. रद्दीवाला आधी काटा मोकळा करून द्यायचा. मग एके दिवशी तो शांतपणे म्हणाला, "काका, विकायची ठरली की एकदाच आणा."

काका आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये राहतात, सदाशिव पेठेत. नोकरी सगळी पिंपरीच्या एका कारखान्यात, स्टोअर सांभाळण्यात गेली. तिथे कुठली वस्तू कधी संपेल याची काळजी करायचा त्यांना पगार मिळायचा. निवृत्त झाल्यावर पगार थांबला, काळजी चालूच राहिली. "धरून चला" हे त्यांचं पालुपद. पाणी जाणार असं धरून चला. रिक्षा मिळणार नाही असं धरून चला. माझ्या भाचीच्या लग्नात जेवणाच्या रांगेत त्यांनी मला हळूच सांगितलं होतं, "जिलबी संपली असं धरून चला." काकांनी आजवर एकही चांगली गोष्ट धरल्याचं मला आठवत नाही.

त्यांची एकुलती एक लेक वैजू कॉम्प्युटरवाली. त्या वर्षांत आमच्या बिल्डिंगमधून घरटी एक मूल परदेशी गेलं होतं, तशी तीही नवऱ्याबरोबर सिंगापूरला गेली. काकू जाऊन तेव्हा चार-पाच वर्षं झाली होती. वैजूने तिकीट पाठवलं, तेव्हा काका सगळ्यांना एवढंच म्हणाले, "सहज. फिरून येतो जरा."

मग काय, सल्ल्यांना ऊत आला. तिथे बारा महिने उकडतं, सुती शर्ट घ्या, छत्री घ्या, पटकन वाळतील असे कपडे घ्या. वैजूनेही फोनवर हेच सांगितलं होतं. काका मान डोलवायचे आणि घरी जाऊन भलतंच भरायचे. लक्ष्मी रोडवरून ते भर मे महिन्यात लोकरीची कानटोपी घेऊन आले. पाठोपाठ लोकरीचे मोजे. खालचे कुलकर्णी म्हणाले, "मोघे, सिंगापूर हिमालयात हलवलंय का?" काका टोपी पिशवीत कोंबून सरळ जिना चढले. एरवी ते उत्तर दिल्याशिवाय राहणारे नव्हेत, म्हणून मला ते जरा खटकलं.

बाकी सगळं काकांच्या रीतीप्रमाणे चाललं होतं. बॅग हरवणार असं धरून त्यांनी तिच्यावर लाल ऑइलपेंटने नाव-गाव लिहिलं, वर हिरवी नायलॉनची दोरी आवळली. लिफ्ट बंद असेल असं धरून भरलेली बॅग घेऊन तीन मजले चढण्या-उतरण्याची रंगीत तालीम सुरू झाली. मधूनच दार वाजवून मला विचारायचे, दमट हवेत डिंकाचे लाडू टिकतात का, आणि विमानतळावर ओवा काढून घेतात का. उकाड्यात डिंकाचे लाडू कोण खातं, असं माझ्या मनात यायचं.

निघायच्या आदल्या दिवशी तालमीत जिन्यावरच बॅगेची चेन उसवली. काका पांढरेफटक पडले. मी दाभण आणि जाड दोरा घेऊन त्यांच्याकडे गेले आणि बॅग उघडली. वर दोन बुशशर्ट होते. खाली काकूंची जुनी, धुऊन धुऊन मऊ झालेली सुती पातळं, चौकोनी कापून शिवलेली. टाके असे की पोत्याचं तोंड शिवावं. त्यांच्याखाली अळीव, बाळंतशेपा, आणि ती कानटोपी. तिच्या आत आणखी एक कानटोपी होती, माझ्या मुठीएवढी.

"वैजूला दिवस आहेत?" मी विचारलं.

"पुढच्या महिन्यात. दवाखान्यात एसी फार असतो म्हणे. कानाला वारा लागायला नको दोघांच्या."

"अहो, मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं की सगळे विचारणार, बाई कोणी नाही का जायला. तिच्या सासूबाईंना उठवत नाही." काका पातळाची एक घडी उलगडून पुन्हा घालत बसले. "ही असती तर मी नुसती बॅग बांधून दिली असती."

चेन शिवायची सोडून मी तशीच बसले. काकांचं मात्र सुरू झालं होतं. बाळ रडायचं थांबलं नाही असं धरून चला. पाणी गरम झालं असं धरून चला. अंघोळ घालताना हातातून निसटलं असं धरून चला.

मी घरी जाऊन सकाळी आणलेला दुधी उचलला आणि परत आले. काकांना न्हाणीघरात पाटावर बसवलं, लेंगा गुडघ्यापर्यंत वर घ्यायला लावला, पाय लांब सोडायला सांगितले आणि दुधीला तेल चोपडून त्यांच्या पायांवर आडवा ठेवला. पहिल्या तांब्यालाच तो निसटून बादलीमागे गेला. दुसऱ्यांदाही गेला. आम्ही दोघंही हसलो नाही.

"मान धरा आधी," मी म्हणाले. "मान सावरली की बाकीचं जमतं."

काकांनी देठाखाली तळवा सरकवला. दुसऱ्या हाताने पाणी घातलं, बेताने, कोमट आहे का ते आधी स्वतःच्या मनगटावर पाहून. हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. वैजू लहान असताना कधीतरी दारातून पाहिलं असणार. मग दुधीला पातळाच्या चौकोनात गुंडाळून त्यांनी खांद्याशी धरला.

"जमलं असं..." ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "जमलं असं धरून चालू का?"

"चाला," मी म्हणाले आणि चेन शिवायला बाहेर आले. माझी चेन शिवून झाली तरी काका दुधी खाली ठेवायला तयार नव्हते.